कुलूप गेलं, किल्ली राहिली

अतिदक्षता विभागात भेटायला फार वेळ देत नाहीत. अरविंदच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलायला सक्त मनाई होती, तरी त्याने तो बोटाने जरा बाजूला केला, नर्स दुसऱ्या पलंगाकडे वळली आहे ना ते बघितलं आणि मला म्हणाला, "सुनव." मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणून दाखवलं. कुठे अडखळले नाही. त्याने डोळे मिटून मान हलवली, माझा हात थोपटला आणि मास्क पुन्हा जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने बायकोच्या तोंडून शेवटचं काय ऐकून घ्यावं... तर ते ना काही गोड बोलणं होतं, ना देवाचं नाव. तो ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होता, तिथल्या माहितीला त्याने घातलेल्या कुलपाची ती किल्ली होती. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले काही शब्द, ठरलेल्या क्रमाने म्हणायचे. मला रडू आलंच, पण त्याच्या आधी राग आला. शेवटच्या भेटीतसुद्धा लॅब आमच्या मध्ये येऊन बसलीच.

मी मत्सरी आहे हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा साळसूदपणे काही लिहीत नाही. कुणाला सवत असते, मला लॅब होती. देवास गेटच्या अलीकडे तिची इमारत आहे आणि अर्ध्या उज्जैनचं रक्त तिथे तपासलं जातं. कुणाची साखर किती, कुणाला दिवस गेलेत, नाव घ्यायलाही लोक घाबरतात तसला आजार कुणाला आहे, हे सगळं तिथल्या संगणकात असतं आणि त्या संगणकांचा राखणदार अरविंद. ती माहिती चोरीला गेली तर लोकांची अब्रू जाते आणि नुसती हरवली तरी रोग्याचे हाल होतात, असं तो म्हणायचा. मग काय, घरातल्या लग्नात अक्षता पडत असताना हे गृहस्थ मांडवाबाहेर फोनवर. सिनेमाला गेलो तर मध्यंतरानंतर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासमोर मी त्याला 'अहो' म्हणायचे, एरवी अरविंद. पण लॅबचा फोन आला की कुठल्याच हाकेला ओ यायची नाही.

माझं माहेर साताऱ्याचं. अरविंदचं घराणं शिंद्यांच्या काळापासून उज्जैनचं, त्यामुळे घरातलं मराठी असं की लग्नानंतर पहिले काही महिने मी नुसती ऐकत बसायची. "मी येऊन राहिलो ना, तू फालतू परेशान होऊन राहिलीस," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत गणित शिकवायची, शिस्तीची, आणि लॅबचा विषय निघाला की ह्याचं तोंड बंद. माझ्या बहिणीने एकदा भाचीसाठी आलेल्या इथल्याच एका स्थळाबद्दल विचारलं. मुलाच्या सगळ्या तपासण्या ह्याच लॅबमध्ये झाल्या होत्या, जरा बघून सांग एवढंच तिचं म्हणणं होतं. अरविंद म्हणाला, मुलाने मागितलं तर काउंटरवर मुलाला मिळेल, बाकी कुणाला नाही. बहीण माझ्यावर रुसली, मी ह्याच्यावर रुसले. ह्याला दोन्हीचं काही नाही, आरामात भुट्टे का कीस खात बसला.

त्याचा एक नियम होता आणि तो मला पाठ आहे, कारण जेवताना तो दुसरं काही बोलत नसे. माहितीची एक प्रत चालू संगणकात, दुसरी शेजारच्या खोलीत आणि तिसरी गावात दुसरीकडे, कुठल्याही तारेला न जोडलेली. ती तिसरी शब्दांच्या कुलपात बंद. ती उघडायचे शब्द त्याला ठाऊक, आणि त्याला काही झालं तर म्हणून आणखी एकाच माणसाला. ते माणूस मी. एका रविवारी चहाच्या वेळी तो म्हणाला, तू दे शब्द, जे एका वाक्यात कधी येणार नाहीत असे दे. मुलांची नावं नकोत, वाढदिवस नकोत. "आणि महाकाल बिलकुल नको, अर्ध्या उज्जैनचा पासवर्ड तोच आहे." मी स्वयंपाकघरातलं काही, शाळेतलं काही, साताऱ्याच्या बाजारातलं काही असं देत गेले. तो हसत होता. कागदावर लिहायचे नाहीत, कुणाला सांगायचे नाहीत. टाइप कसे करायचे तेही त्याने मला शिकवून ठेवलं. मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा पुढे आला की "सुनव", की मी म्हणून दाखवायचे. खरं सांगते, मला त्याचा फार अभिमान वाटे. एवढ्या मोठ्या लॅबची किल्ली माझ्या जिभेवर होती आणि ती मी घडवलेली होती. मग ह्या किल्लीची पेटी कुठे आहे, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, उंचावर आहे, शिप्रा कितीही चढली तरी पोचणार नाही. मला वाटलं, बँकेच्या वरच्या मजल्यावरचा लॉकर असेल.

त्यानंतर माझ्या गळ्याजवळ गाठ आली. सुईने पाणी काढून तपासायला दिलं, त्याच लॅबमध्ये, दुसरीकडे कुठे जाणार. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रिपोर्ट संगणकात आला होता हे मला तिथल्याच एकीने सांगितलं. अरविंद घरी आला, नेहमीसारखाच उशिरा, शुक्रवारी त्याला उशीर व्हायचाच. मी विचारलं, बघितलास? म्हणाला, उद्या काउंटरवर मिळेल, पावती दाखवून. मी म्हटलं, अरे, माझाच रिपोर्ट आहे. तो म्हणाला, "तुझा आहे म्हणूनच उघडला नाही. आज तुझा उघडला तर उद्या कोणाचाही उघडीन." आणि जेवला. दोन पोळ्या, भात, सगळं जेवला... मी ताटावरून उठले. हा माणूस दगडाचा आहे असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. सकाळी तो पावती घेऊन रांगेत उभा राहिला, आपल्याच लॅबच्या रांगेत, इतर लोकांमागे. गाठ साधी निघाली. मी त्याला पेढा दिला नाही.

तर अरविंद गेला. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि त्याच आठवड्यात लॅबच्या डॉक्टरांची, म्हणजे मालकांचीच, गाडी दाराशी उभी राहिली. लॅबमध्ये कुणीतरी एक मेल उघडला होता आणि सगळ्या संगणकांवर एकच इंग्रजी मजकूर आला होता. सगळी माहिती आम्ही बंद केली आहे, खंडणी द्या, नाहीतर विसरा. शेजारच्या खोलीतली प्रतसुद्धा तारेने जोडलेली असल्यामुळे बंद पडली होती. लोक जुने रिपोर्ट मागत होते, डायलिसिसचे, कॅन्सरचे रोगी खोळंबले होते. राहिली होती ती तिसरी प्रत. डॉक्टर ताठ मानेने चालणारे गृहस्थ, पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "भाभीजी, अरविंदने मुझे बस दो नाम बताए थे. चाबी आपके पास है. और डिस्क मंदाजी के पास."

मंदाजी म्हणजे मंदाकिनी बर्वे. लॅबमध्ये हिशेब बघायच्या, मुदतीआधी नोकरी सोडली, नवरा पूर्वीच वारलेला. माझ्याकडे कधीतरी हळदीकुंकवाच्या दिवसात गप्पांना येऊन गेलेल्या, एवढीच माझी ओळख. राहायला माधव नगरात, तिसऱ्या मजल्यावर. उंचावर... मला बँकेचा लॉकर दिसत होता आणि तिथे बर्वेबाईंचं लोखंडी कपाट निघालं.

डॉक्टरांबरोबर मी तिथे गेले. बर्वेबाईंनी कपाट उघडलं, साड्यांच्या मागून स्टीलचा पोळ्यांचा डबा काढला, त्यातून डिस्कचं खोकं काढलं आणि डॉक्टरांच्या हाती दिलं. दर शुक्रवारी तो नवी डिस्क ठेवायचा आणि जुनी न्यायचा, असं त्या म्हणाल्या. दर शुक्रवारी! खिडकीशी दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीची गादी बसून बसून दबलेली. मी न विचारताच त्यांनी सांगितलं, "तिथे बसायचे. पोहे खायचे, वरून शेव खूब लागायची." घरी ह्या माणसाला पोह्यांनी ॲसिडिटी व्हायची. मी पोहे करणं बंद केलं होतं.

नियम मला कळतो. पेटी आणि किल्ली एका छपराखाली नकोत, पेटी ज्याच्याकडे त्याला किल्ली माहीत नको, किल्ली ज्याच्याकडे त्याला पेटीचा पत्ता नको. गणिताच्या बाईला हे समजावून सांगायला नको. पण पेटीकडे दर शुक्रवारी जाऊन बसायचं आणि किल्लीला महिन्यातून एकदा विचारायचं, हे कुठल्या नियमात होतं? मला शब्द दिले आणि तिला येणं-जाणं दिलं. गाडीत मी आणि बर्वेबाई मागच्या सीटवर बसलो होतो आणि देवास गेटपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. त्या रडत होत्या. मला त्यांच्या रडण्याचाही राग येत होता, कारण ते खरं होतं.

लॅबमध्ये एक नवा कोरा संगणक मांडून ठेवला होता. डिस्क जोडली, शब्द विचारणारी रिकामी चौकट आली. डॉक्टर म्हणाले, आम्ही सगळे तोंड फिरवतो. मी म्हटलं, बर्वेबाई बाहेर थांबतील. त्या निमूट बाहेर गेल्या. मी बोटं ठेवली आणि... काही नाही. एकही शब्द आठवेना. इतकी वर्षं मी ते कधी मनात म्हटलेच नव्हते, त्याच्यासमोर, चहाच्या वासात, तोंडाने म्हटले होते. डॉक्टरांनी पाठमोऱ्यानेच दोनदा विचारलं, हो गया? मी सगळ्यांनाच बाहेर घालवलं, दार लावून घेतलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणायला लागले. आले, सगळे आले, ओळीने आले. एकेक म्हणत टाइप केला. चौकट गेली आणि पडद्यावर नावांची यादी उघडली. मी ती वाचली नाही, लगेच दार उघडलं. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बर्वेबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "वहिनी, मला सारखं वाटायचं, शब्द कोणाकडे असतील. तुमच्याकडेच असणार होते." त्या आवाजाची मला ओळख पटली. माझाच आवाज तो, मी लॅबबद्दल बोलताना येतो तसा.

माहिती परत मिळाली. मग डॉक्टरांनी सगळी व्यवस्थाच बदलली, दुसऱ्या शहरातल्या कंपनीकडे सोपवली, जुन्या डिस्क पुसून तोडून टाकल्या. मला फोन करून त्यांनी आभार मानले आणि म्हणाले, अब वो शब्द भूल जाइए, किसी काम के नहीं रहे. जणू विसरणं म्हणजे नळ बंद करणं!

आता दर शुक्रवारी बर्वेबाई माझ्याकडे येतात. मी बोलावलं नव्हतं, पण दारही लावलं नाही. त्या अरविंदची एकेक गोष्ट सांगतात आणि मी अधाशासारखी ऐकते, मग त्या गेल्या की चरफडते की ही गोष्ट माझी का नव्हती. गाठीच्या त्या शुक्रवारचंही त्यांनीच सांगितलं. "पोह्यांना हात लावला नाही, नुसत्या फेऱ्या घालून राहिले होते. मी म्हटलं, बघून घ्या ना, कोणाला कळणार आहे? म्हणाले, मला कळेल. मग रडले. आणि घरी जायच्या आधी तोंड धुतलं, म्हणाले, सुलभाला दिसायला नको." मी ज्याला दगड म्हटलं, तो तिथे, त्या दबलेल्या गादीवर बसून रडून आला होता. माझ्यासाठी रडला, पण माझ्यासमोर नाही. ह्यात सुख मानावं की बर्वेबाईंचा हेवा करावा, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दिवस मी हेवाच करते.

काल, शुक्रवारी, त्यांनी चहा संपवला, तो पोळ्यांचा रिकामा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, हा तुमच्याकडे राहू दे, तुमचा हक आहे. मी ठेवून घेतला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ते शब्द... आता तर काही कामाचे नाहीत ना? एकदा सांगून द्या. कोणते होते, एवढंच." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या शब्दांनी आता जगातलं काहीही उघडत नाही, चोराला विकले तरी त्याला चार आणे मिळणार नाहीत. त्यांनी मला सगळे शुक्रवार दिले होते, डबासुद्धा दिला होता. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हटलं, "नाही."

उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे. चहा दोन कप होईल, हाताला तेवढंच माप ठाऊक आहे. मी बाहेरचं दार लावीन, स्वयंपाकघराची खिडकी लावीन, आणि म्हणेन.