सत्तावीस किलोमीटरवरचं हिरवं छप्पर

इमारतीत त्याला सगळे ड्रायव्हर म्हणतात. गाडी चालवणं सुटून साडेतीन वर्षं झाली, तरी हाक तीच राहिली. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या बहात्तर. यार्डात इंजिनावरून उतरताना पाय घसरला आणि खुबा मोडला. दोन ऑपरेशनं झाली, पण उजवा पाय पुन्हा भार घेईना. वॉकर धरून तो पलंगापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून न्हाणीपर्यंत जातो. दारापर्यंतही जातो. त्यापुढे जात नाही.

दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी चार जणांनी त्याला खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आधी कोणी वळायचं यावरून त्यांचं वाजलं, खुर्ची कलंडली, आणि क्षणभर ड्रायव्हरचं डोकं कठड्याबाहेर, नजर थेट तळमजल्याच्या फरशीवर. दवाखान्यातून परत आल्यावर पुन्हा खुर्ची नाही म्हणून त्याने सांगून टाकलं. चौघांनाही ते बरंच वाटलं.

त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दिवसातून तीनदा ती बहात्तर पायऱ्या चढते आणि शेवटच्या दहा मोठ्याने मोजते, म्हणजे आत नवऱ्याला कळावं. गुडघे तपासून डॉक्टरांनी जिने टाळा असं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, मग घरी कशी जाऊ? डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

ड्रायव्हरचा दिवस कॉम्प्युटरसमोर जातो. त्यात रेल्वेचा सिम्युलेटर आहे, म्हणजे पडद्यावर गाडी चालवायचा खेळ, आणि त्या सिम्युलेटरमध्ये त्याने स्वतः बांधलेला एक मार्ग. एकेचाळीस किलोमीटर, अकरा स्टेशनं. याच मार्गावर त्याने एकोणीस वर्षं गाडी चालवली. पुढे मार्ग बंद झाला, रूळही उचलून नेले. खुबा मोडण्याच्या कितीतरी आधी त्याने हौस म्हणून तो कॉम्प्युटरवर बांधायला घेतला होता. पडल्यानंतर हौस राहिली नाही, तो दिनक्रम झाला.

आता त्याची चूक. या खेळात मार्ग एकीकडे असतो आणि मार्गावरच्या वस्तू दुसरीकडे. मार्गाच्या फाइलमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की अमुक जागी अमुक नावाचं घर, अमुक जागी अमुक नावाचा खांब. ते घर दिसतं कसं, हे वेगळ्या फोल्डरात. खेळाबरोबर अशा हजारो वस्तू तयार मिळतात. त्यांना ॲसेट म्हणतात. एखादी आपल्या मनासारखी करायची तर शहाणा माणूस तिची प्रत काढतो आणि प्रतीला नवं नाव देतो. ड्रायव्हरने मूळ वस्तूच बदलल्या आणि नाव तेच ठेवलं. नाव बदललं की यादीत सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. पाण्याच्या टाकीवर गंजाचा ओघळ काढला, फलाटाची कड झिजवली, सिग्नलचा खांब जरा वाकवला. पहिलं वर्ष कुठेच नोंद नाही. त्यानंतर वही केली.

कॉम्प्युटर म्हातारा झाला. मागच्या वेळी बंद पडला तेव्हा कॉम्प्युटरवाला दोन दिवस खटपट करत होता, शेवटी एकदाचा सुरू झाला. जाताना तो म्हणाला की बंद करू नका, पुन्हा उठेल याची हमी मी देत नाही. तेव्हापासून सात महिने तो बंद झालेला नाही. खोलीत त्याच्या पंख्याची घरघर अष्टौप्रहर असते. पाहुणे आले तर आवाज चढवून बोलतात. ड्रायव्हर फार वेळ झोपतही नाही.

अशातच तळमजल्यावरचा शिंपी जागा सोडून गेला आणि त्याच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. घरमालकाने आधी यांनाच विचारलं. महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा, एक कुरिअरवाला रोज फोन करतोय, असा निरोप दिला. बायकोने त्याच संध्याकाळी हो म्हणून टाकलं आणि वर येऊन नवऱ्याला सांगितलं. ड्रायव्हरने विचार केला आणि कॉम्प्युटरचं काय, असं विचारलं.

कॉम्प्युटरवाल्याने एक वापरलेला लॅपटॉप आणून दिला. त्यात खेळाची नवी आवृत्ती होती. जुना अख्खा फोल्डर उचलून त्यात टाकला तर खेळ उघडतच नाही, हे त्याने दोनदा करून दाखवलं. तेव्हा आपलं तेवढंच न्यायचं. ड्रायव्हरने मार्गाचा फोल्डर एका छोट्या डिस्कवर घेतला, लॅपटॉपवर चढवला आणि गाडी सोडली.

सगळं जागच्या जागी होतं आणि काहीच त्याचं नव्हतं. टाकीच्या ठिकाणी टाकी होती, नवी कोरी. खांब ताठ. अकराही स्टेशनांना एकसारखे चकचकीत फलाट. जगात कोणीही हा खेळ विकत घेतला तर त्याला जे मिळेल, तेच.

मग वही उघडली. वहीत दोनशे चौदा वस्तू होत्या. त्या नेल्या. राहिलेल्या शोधायला दोन्ही मशीन शेजारी ठेवून एकाच वेळी दोन गाड्या सोडायच्या आणि फरक दिसला की टिपायचा. फायलींच्या तारखांचा उपयोग नव्हता. मध्ये एकदा कॉम्प्युटरची डिस्क बदलली तेव्हा जुन्या फायलींवर सरसकट एकच तारीख पडली होती. पुरी फेरी एक तास दहा मिनिटांची. चार फेऱ्यांत आणखी एकतीस सापडल्या. दर फेरीनंतर तो लॅपटॉपवरचा खेळ पुसायला लावायचा, कारण अर्धवट आलेली गाडी आली म्हणत नाहीत. कॉम्प्युटरवाला पाचव्यांदा खेळ चढवून गेला तेव्हा चहाही न घेता गेला.

महिना संपायला चार दिवस उरले. ड्रायव्हर म्हणाला, अजून काहीतरी राहिलं असणार.

बायकोने रेल्वेचा एक नियम लग्नापासून ऐकला होता. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर, म्हणजे रूळ मोकळा असल्याचा निरोप, दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. आणि शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा त्या स्टेशनातल्या माणसाने डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी पोहोचली म्हणायची नाही. हा नियम ड्रायव्हरने घरातल्या बऱ्याच गोष्टींना लावला होता. सिलिंडर आला का, याचं उत्तर तिला सिलिंडर बघून द्यावं लागे.

रविवारी सकाळी तिने लॅपटॉप बगलेत मारला, डिस्क पर्समध्ये टाकली.

"दोन्ही स्टेशनांत तुम्हीच बसलाय," ती म्हणाली. "असं लाइन क्लिअर कुठे देतात?"

त्याने कॉपी करायची पद्धत कागदावर लिहून दिली. ती खाली गेली. शिंप्याच्या खोलीत अजून कापडाच्या चिंध्या होत्या आणि एक मोठं टेबल, जे दारातून निघत नव्हतं म्हणून तो सोडून गेला होता. त्यावर तिने लॅपटॉप ठेवला, कागदाप्रमाणे केलं आणि फोन लावला. दोघांनी एक, दोन, तीन म्हणत चौथ्या मजल्यावरून आणि तळमजल्यावरून एकच गाडी सोडली. गाडी आपोआप चालणारी होती, नुसतं बघायचं होतं.

ती सांगत गेली आणि तो समोरच्या पडद्याशी ताडून बघत गेला. फलाटाची कड झिजलेली आहे. खांब वाकडा आहे, तुमच्यासारखा. टाकीवर ओघळ आहे. सहाव्या स्टेशनाशी तिने जांभई दिली, ती त्याला ऐकू आली. आठव्यानंतर सत्तावीस किलोमीटरवर फाटक येतं. तिथे फाटकवाल्याची खोली, हिरवं पत्र्याचं छप्पर. ड्रायव्हरने बदललेली ही पहिली वस्तू. हिरवा कुठला घ्यायचा हे कळेना तेव्हा त्याने बायकोला बोलावलं होतं आणि तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं होतं.

"अहो, छप्पर लाल आहे," ती म्हणाली. "कौलारू."

त्याने गाडी तिथेच थांबवली. त्याला नवल वाटलं नाही. पहिल्या वर्षातली वस्तू, वहीत नाही, फेऱ्या बघत हाताने केलेल्या यादीतूनही सुटली असणार. तो म्हणाला की वर ये, तेवढा एक फोल्डर देतो, दोन मिनिटांचं काम आहे.

"मी वर येणार नाही."

त्याला वाटलं गुडघे दुखताहेत. थोड्या वेळाने ये, म्हणाला. ती म्हणाली की थोड्या वेळानेही येणार नाही, आज इथेच राहणार आहे. चादर आणली आहे. शेजाऱ्यांच्या हाती पाठवतो म्हटल्यावर तिने सांगितलं की दुसऱ्या कोणाच्या हातून आलेलं ती मशीनला लावणार नाही. मग फोन ठेवला. त्याने तीनदा लावला, तिने उचलला नाही.

स्वयंपाकघरात ताटाखाली एका वेळचं जेवण झाकून ठेवलेलं होतं. दोन वेळचं नव्हतं. त्याने ते खाल्लं. पडद्यावर गाडी फाटकाशी उभी, छप्पर हिरवं. त्याने फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, शर्टाच्या खिशात टाकला आणि बटण लावलं. वॉकरने दारापर्यंत गेला. वॉकर तिथे ठेवून जमिनीवर बसला.

बसूनच उतरला तो. आधी डावा पाय, मग दोन्ही हात, मग बूड, आणि उजवा पाय मागून ओढत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं, बघितलं आणि लावून घेतलं. बायकोने त्यांना तसं सांगून ठेवलेलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो बराच वेळ बसला. इथे फरशी दिसते. हाताला घाम आला होता आणि कठडा धरवत नव्हता. परत वर जावं म्हटलं तर छत्तीस, खाली छत्तीस. त्याने खिसा चाचपला.

पाऊण तास लागला. बायको शेवटच्या पायरीशी उभी होती. मदतीला वर आली नाही. शेवटच्या दहा पायऱ्या तिने मोजल्या, मोठ्याने.

शिंप्याच्या टेबलाशी बसून त्याने आधी गाडी सुरुवातीपासून सोडली. पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी चूक स्वतः बघायची, ही सवय. सत्तावीस किलोमीटरवर फाटक आलं. छप्पर हिरवं होतं. स्वयंपाकघराच्या दाराचा हिरवा.

त्याने गाडी थांबवली नाही. ती पुढे गेली.

"खोटं लाइन क्लिअर दिलं की नोकरी जाते," तो म्हणाला.

"मी क्लिअर दिलंच नव्हतं. अडवली होती."



त्या रात्री दोघं खालीच झोपले. खोलीत पंख्याची घरघर नव्हती, त्यामुळे त्याला झोप लागली नाही. खालच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. वरून निदान रस्ता दिसायचा. दाराला बाहेर दोन पायऱ्या आहेत. त्या उतरायचं आज नको, असं तो सोमवारी म्हणाला, आणि मंगळवारीही.

महिनाअखेरीला वरची किल्ली द्यायची होती. सामान हमालांनी आणलं, फक्त कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. बायको शेवटची वर गेली आणि तिथून फोन केला. बंद करू का, तिने विचारलं. खाली लॅपटॉपवर गाडी दहाव्या स्टेशनाजवळ होती. थांब, तो म्हणाला. रिकाम्या खोलीत बसायला काही नव्हतं, म्हणून ती फरशीवर बसली, पाय पसरून.  सात मिनिटं फोनवर नुसती घरघर येत होती. अकराव्या स्टेशनात गाडी शिरली, डबे एकेक करून फलाटाला लागले, आणि त्याने नजर मागे नेऊन शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा बघितला.

"पोहोचली," तो म्हणाला. "कर बंद."