भाकरी सोडलेला जमादार

त्रेचाळीस सालची गोष्ट. खर्ड्याच्या पुढं, निजामाच्या हद्दीला लागून एक ओढा आहे. त्याच्या अलीकडं अर्ध्या कोसावर तेव्हा पोलिसांचं एक लहानसं ठाणं होतं. दोन खोल्या, एक कोठडी आणि पाच माणसं. इकडची ज्वारी ओढ्यापलीकडं जाऊ द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. दिवस टंचाईचे होते. लोकांच्या चुली एकवेळच्या झाल्या होत्या, आणि या ठाण्याचा जमादार शमुवेल पाटोळे वजनानं होता पावणेतीन मण.

"जप्तीची ज्वारी सरकारजमा हुती म्हनं," पारावरची माणसं म्हणायची. "सरकारजमा कुठली, पोटात जमा!"

शमुवेलनं जप्तीतला एक दाणा कधी घरी नेला नव्हता. पण ते सांगायला गेलं की ऐकणारा आधी त्याच्या पोटाकडं बघायचा, मग तोंडाकडं. म्हणून त्यानं सांगणंच सोडलं. लहानपणी अर्ध्या पोटी वाढलेला माणूस तो. नोकरी लागल्यावर भाकरी समोर आली की हात थांबायचा नाही. एका बैठकीला पाच भाकऱ्या, वर गुळाचा खडा, असं दहा वर्षं चाललं.

त्या उन्हाळ्यात नगरहून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी पाचही जणांना ओढ्यापर्यंत पळून परत यायला सांगितलं. चौघं आले. शमुवेल वाटेत एका दगडावर बसला होता, टोपी मांडीवर, तोंडानं श्वास घेत. साहेब हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं कागदावर काहीतरी लिहिलं. वजन तीन महिन्यांत उतरवा, नाहीतर नोकरी सोडा.

नगरच्या पोलीस डॉक्टरांनी त्याला पुढून मागून ठोकून पाहिलं.

"जात्यातून येतं ते सगळं बंद," ते म्हणाले. "भाकरी नाही, चपाती नाही. भात, गूळ, साखर, रताळी, बटाटे, काही नाही. अंडी खा. मटण मिळालं तर खा. पालेभाजी हवी तेवढी, ताक, लोणी."

"पण साहेब, भाजी खायची कशाशी?"

"कशाशीच नाही. नुसती."

शमुवेलला वाटलं, डॉक्टर थट्टा करताहेत.

त्याची बायको मार्था शहाणी बाई. तिनं कोंबड्या होत्या त्यात आणखी चार वाढवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं ताटली ठेवली. दोन उकडलेली अंडी, लसणीत परतलेला तांदुळजा, वाटीभर ताक. शमुवेल ताटलीकडं बघत बसला. भाजी उचलायची तर हातात भाकरीचा तुकडा हवा. बोटांनी उचलली तर गळून पडायची. शेवटी मार्थानं चमचा आणून दिला. घरात तो एकच होता, औषधाचा.

पहिल्या आठवड्यात त्याचं डोकं ठणकायचं. उभं राहिलं की पाय लटलटायचे. तोंडाला कसलीशी चव यायची, पितळ चाटल्यासारखी. पोटात अन्न असायचं, आणि तरी आपण जेवलोच नाही असं दिवसभर वाटायचं. मार्था स्वतःपुरती भाकरी थापायला बसली की तो उठून कोंबड्यांकडं जायचा. तव्यावर भाकरी फुगल्याचा वास तिथंही यायचा. रविवारी प्रार्थनेत रोजच्या भाकरीसाठी देवाला विनवायची जागा आली की त्याची जीभ अडखळायची आणि मार्था त्याच्याकडं न बघता आवाज थोडा वाढवायची.

दर सोमवारी ठाण्यातल्या जप्तीच्या काट्यावर वजन व्हायचं. एका पारड्यात जमादार बसायचा, दुसऱ्यात गोरक्षनाथ शिपाई वजनं चढवायचा. बघायला माणसं जमायची. ज्यांची पोती त्या काट्यावर जप्त झाली होती, तीही.

"जमादारानं म्हनं भाकर टाकली," कुणीतरी म्हणायचं. "आमाला मिळंना, ह्यास्नी नको झाली. अंडी खात्यात, अंडी!"

यावर काय बोलणार? अंडी तर तो खात होताच.

दीड महिन्यात वजन खरंच उतरलं. गालांची कातडी सैल पडली, चालताना धाप लागेनाशी झाली. पण भाकरीची ओढ काही कमी झाली नाही. उलट ती आता डोळ्यांत येऊन बसली. रस्त्यानं कुणाच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी दिसली तरी तो वळून बघायचा.

अशात गोरक्षनाथानं एका बाईला ओढ्यात धरलं. बनुबाई नाव. पन्नाशीची, अंगानं काटक. ओढ्यापलीकडच्या गावात तिची लेक बाळंत झाली होती. तिच्यासाठी ही लुगड्याच्या ओच्यात ज्वारी घेऊन निघाली होती. पायलीभरसुद्धा नसेल, पण गुन्हा तो गुन्हा. जामखेडचे मामलेदार दौऱ्यावर होते, त्यामुळं बाईला चार दिवस कोठडीत ठेवणं भाग पडलं.

कैद्याचा भत्ता गावातली मालनबाई आणायची. दोन्ही वेळेला दोन भाकऱ्या आणि तोंडी लावायला कोरड्यास. अन्न आत द्यायच्या आधी जमादारानं तपासायचं, असा नियम. एरवी शमुवेल फडकं उचलून बघायचा नि आत सरकवायचा. त्या दुपारी ठाण्यात दुसरं कुणी नव्हतं. मालनबाई ताटली ठेवून गेली. भाकऱ्या तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या. त्यानं तपासायला म्हणून एक कोपरा मोडला. मोडला तो तोंडात टाकला.

कडेला किंचित करपलेली, खरपूस ज्वारी. त्याचे डोळे भरून आले. भाकरीनं माणसाचे डोळे भरून येतात, हे त्याला माहीत नव्हतं.

संध्याकाळी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळेला एक-एक अख्खी. बनुबाईच्या ताटलीत एकच गेली. तिनं ताटलीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि खायला लागली. रिकामी ताटली न्यायला आलेल्या मालनबाईनं गजांबाहेरून विचारलं, "भरलं का पोट, बाय?"

"भरलं," बनुबाई म्हणाली.

हे ऐकताना शमुवेल टेबलाशी कागद चाळत होता. त्याची मान वर झाली नाही. आता बास, उद्या शिवायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. घरी मार्थानं पुढं ठेवलेली अंडी त्यानं मुकाट्यानं खाल्ली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ताटली उचलली आणि फडकंही न काढता गजाखालून आत सरकवली. परत येऊन खुर्चीत बसला, तोंड फिरवून.

"जमादार," आतून हाक आली.

बनुबाईनं एक भाकरी मोडली होती. अर्धी गजाबाहेर धरली होती.

"घ्या की. त्वांड सुकलंय तुमचं. घरी काय अडचन हाय का? बायकू आजारी हाय का काय?"

नाही म्हणायला हवं होतं. आपण तुझ्या वाटणीचं चोरून खाल्लं, असं सांगायला हवं होतं. निदान उठून बाहेर तरी जायला हवं होतं. शमुवेल उठला तो गजांशी गेला. तिच्या हातातली भाकरी घेतली आणि तिच्यासमोर उभ्या उभ्या खाल्ली. ती त्याचं खाणं संपेपर्यंत थांबली आणि मग स्वतःचा घास मोडला.

चौथ्या दिवशी त्यांना जामखेडला निघायचं होतं. पायी. वाटेत बनुबाई दोनदा खाली बसली. चक्कर येतेय म्हणाली.

"सोंग करतीया," गोरक्षनाथ म्हणाला.

"पाणी दे तिला," शमुवेल म्हणाला. तो स्वतः मात्र इतकं चालून थकला नव्हता. पाय हलके झाले होते. त्या हलक्या पायांची त्याला शिसारी आली.

मामलेदारांनी बाईला ताकीद देऊन सोडलं. ज्वारी जप्त. कोठडीत काही त्रास झाला का, असं त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं.

"न्हाई," बनुबाई म्हणाली. "समदं येळंवर मिळालं."

पुढच्याच महिन्यात साहेब पुन्हा आले. शमुवेल ओढ्यापर्यंत पळून दुसऱ्या नंबरानं परत आला. साहेबांनी रांगेपुढं त्याची पाठ थोपटली आणि विचारलं, "कसं साधलं हे?"

"भाकरी सोडली, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी बाकीच्यांना सांगितलं, याला म्हणतात मनाचा निग्रह. रांगेच्या मागं मालनबाई घागर घेऊन उभी होती. शमुवेलला वाटलं, हिला सगळं माहीत आहे. तिला काहीच माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून त्याला सगळ्यांबद्दल तसंच वाटायला लागलं.

शेवटी त्यानं मार्थाला सांगितलं. परसात ती अंबाडी निवडत होती. तो उकिडवा बसला आणि कोपरा मोडल्यापासून अर्धी भाकरी हातातून घेतल्यापर्यंत सगळं सांगितलं. मार्थाचे हात थांबले.

"घरात भाकरीला ना होती का हो?" ती म्हणाली. "माझ्याकडं मागायची. मी काय डॉक्टरांना कळवणार होते?"

"तुझ्यापुढं लाज वाटली असती."

"आणि तिच्यापुढं नाही वाटली?"

मार्था आत गेली, मडकं हलवल्याचा आवाज आला. रेशनच्या कार्डावर त्याच्या वाटणीची ज्वारी यायची ती तीन महिने शिल्लक पडत होती. त्यातली पायलीभर तिनं पिशवीत भरली.

"ही तिला नेऊन द्या. आणि खरं काय ते सांगून या."

सकाळी पिशवी खांद्यावर टाकून तो ओढ्यावर आला. नाक्यावर गोरक्षनाथ होता. त्यानं सलाम केला. पिशवीत काय आहे, असं जमादाराला कोण विचारणार? शमुवेल ज्वारी घेऊन निजामाच्या मुलखात गेला.

बनुबाई लेकीच्या दारात बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. त्याला बघून आधी दचकली. मग पिशवीकडं पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, "बाई, ही ज्वारी..."

"माजी? सरकारनं परत दिली व्हय?"

वाटभर त्यानं जुळवलेले शब्द होते. चार-पाचच होते. तिचा चेहरा एवढा उजळला होता की ते त्याला सापडेनात.

"व्हय," तो म्हणाला.

"बग गं," बनुबाईनं लेकीला हाक मारली. "म्या सांगितलं न्हवतं का, हेच ते जमादार. लई भला मानूस. कोठडीत एकटीला जेवू दिलं न्हाई मला. माज्यासंगं जेवायचे!"

लेक दारात येऊन हसली. शेजारच्या दोघी-तिघी बायका बघायला आल्या. कुणीतरी घोंगडी टाकली, बसा म्हणाली. चुलीकडून पीठ मळल्याचा आवाज यायला लागला तेव्हा शमुवेल ड्यूटीचं निमित्त सांगून निघाला. गावाबाहेर येईपर्यंत तो जवळजवळ पळतच होता.

घरी मार्थानं विचारलं, "सांगितलंत?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"मग पुन्हा जावं लागेल," ती म्हणाली.

"जाईन," तो म्हणाला.

पेरण्या झाल्यावर जाईन, असं त्यानं ठरवलं, मग नाताळानंतर. पुढच्या साली त्याची बदली काष्टीकडं झाली. सामान बैलगाडीत भरताना मार्थानं एकदा त्याच्याकडं बघितलं. त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि दोरी आवळत राहिला.