बाबागाडीतला टीव्ही

कालव्याच्या पुलापाशी पोचेपर्यंत थोरलीचा गुडघा कुरकुरायला लागला होता, तरी बाबागाडीचा दांडा काही ती सोडेना. गाडीत चादरीत गुंडाळून टीव्ही निजवलेला होता. समोरून येणाऱ्या एका बाईंनी कौतुकाने आत डोकावून विचारलं, "किती महिन्यांचं?"

"महिने कशाला मोजतोय! बावीस इंची आहे," थोरली म्हणाली. "हल्ली तोंडच दाखवत नाही, म्हणून न्यावं लागतंय."

बाई भांबावून पुढे गेल्या. धाकटीला हसता हसता ठसका लागला.

या दोघी जावा. थोरली कपड्यांच्या कारखान्याची काज-बटणं घरी आणून करायची. तिचं जगणं म्हणजे मांडीवर शर्टांचा ढीग, बिस्किटाच्या डब्यात दोऱ्याची रिळं आणि तोंडाला टाळं नाही. रस्त्यात कुणाचं बटण लोंबताना दिसलं, की त्याला उभा करून तिथल्या तिथे टाका घालायची आणि वर विचारायची, "घरी कुणी बघत नाही वाटतं तुमच्याकडे?"

सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणातही ती अशीच. काम आटोपून उशाशी बसायची आणि काहीबाही सांगून म्हातारीला हसवायची. औषधपाणी, उठवणं-बसवणं सगळं धाकटीकडे. झोप नाही, जेवणाचा पत्ता नाही. एक दिवस भेटायला आलेल्या माणसांसमोर तिचा तोल गेला. "माणूस जायला टेकलंय आणि तुम्ही खिदळताय? काही काळवेळ कळते का?"

थोरली चूपचाप उठून गेली. पुढे सासूबाई गेल्या, घराची वाटणी झाली, मधल्या खोलीत प्लायवूडची भिंत आली. थोरलीने धाकटीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. थोरलीचा नवरा वारला तेव्हाही तिने धाकटीकडे बघून फक्त मान हलवली. धाकटी रोज देवापुढे हात जोडायची आणि एवढंच मागायची, की वहिनींनी मला एकदा हाक मारावी. आपण होऊन त्यांच्या दारात जायला मात्र पाय उचलत नव्हता.

अशात ती मालिका सुरू झाली. मोठी विचित्र. एक निवृत्त न्यायाधीश लाँड्री काढतो आणि गिऱ्हाइकाच्या कपड्यावरचा डाग बघून रीतसर निकाल देतो. पहिल्याच भागात एका कोटाला त्याने टांगून राहण्याची शिक्षा सुनावली आणि धाकटी खो खो हसली. तेवढ्यात भिंतीपलीकडूनही कुणी हसलं. धाकटीने भिंतीला कान लावला. वहिनींचं हसू! ते या घरात पुन्हा ऐकू येईल असं तिला वाटलं नव्हतं.

तेव्हापासून औषधाच्या दुकानातली नोकरी सुटली, की ती घाईघाईने घर गाठायची. नवऱ्याची पाळी संध्याकाळची. घरात ती, टीव्ही आणि भिंतीपलीकडचं हसू.

मालिका मात्र पुढे रबरासारखी ताणत नेली. तोच डाग, तोच निकाल. मग न्यायाधीशाला जुळा भाऊ निघाला आणि त्याने समोरच ड्रायक्लीनिंगचं दुकान टाकलं. धाकटीला जांभयांवर जांभया. पण पलीकडून हसू यायचंच, म्हणून तीही हसायची, ऐकू जावं इतकं मोठ्याने. मालिका सुटली तर धागाच तुटेल, ही तिला धास्ती.

एका संध्याकाळी तिचं डोकं ठणकत होतं. जुळ्या भावाने साक्षीला एक मोजा बोलावला आणि तिचा धीर सुटला. तिने टीव्ही बंद केला.

मग भिंतीवर टकटक झाली.

"अगं, बंद का केलंस? मोज्याने साक्ष दिली की नाही?"

धाकटी अनवाणीच पलीकडच्या दारात धावली. थोरली कात्री हातात घेऊन भिंतीला टेकून बसली होती. कोपऱ्यात तिचा टीव्ही काळाठिक्कर, वर शर्टांची चळत.

"वहिनी, हा बंद आहे?"

"केव्हाचा! तो जुळा उपटला त्याच्याही आधीपासून. तुझ्याच टीव्हीवर भागवते मी."

आणि आज तो टीव्ही दुरुस्तीला निघाला होता. पूल ओलांडल्यावर दोघी बाकावर टेकल्या. धाकटीने विचारलंच, "खरं सांगा, त्या जुळ्याचं हसू यायचं तुम्हाला?"

"छे गं! नुसता वात. चेहरा दिसत नव्हता, म्हणून दोघांतला कोण बोलतोय तेसुद्धा कळायचं नाही."

"मग हसायच्यात कशाला?"

"तू हसायचीस म्हणून."

बाबागाडीवरची चादर नीट करत धाकटी पुटपुटली, "त्या दिवशी माणसांसमोर मी तुम्हाला..."

"दमली होतीस तू. मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही बसले तोंड फिरवून." थोरली गुडघ्यावर हात दाबत उठली. दांडा तिने पहिल्यांदाच धाकटीच्या हातात दिला. "एक करशील माझ्यासाठी? कंटाळा आला तर सांग. वाटलं तर येऊन भांड. पण मी केलं तसं, न सांगता बंद करू नकोस."