अकरावा तारा

नक्षत्रराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते डेपोतल्या ड्रायव्हरांनी ठेवलं होतं, आणि त्यात कौतुक कमी, चेष्टा जास्त होती. एकतीस वर्षं आगगाडी चालवली आणि एकदाही इमर्जन्सी ब्रेक ओढला नाही, म्हणून वर्षाला एक याप्रमाणे एकतीस पितळी तारे त्यांच्या पदरात पडले. ही ताऱ्यांची टूम डेपोच्या एका साहेबांनी काढली होती. तो ब्रेक ओढला की चाकं रुळावर घासून चपटी होतात, प्रवासी एकमेकांच्या अंगावर पडतात आणि साहेबांना चार पानी खुलासा लिहावा लागतो. साहेबांना लिहिण्याचा भारी कंटाळा. तेव्हा जो वर्षभर ब्रेक ओढणार नाही त्याला तारा, असं ठरलं. बाकीच्यांची गाडी चार-पाच ताऱ्यांवर अडकली. नक्षत्रराव डेपोत शिरले की कोणीतरी म्हणायचंच, "आलं बघा आमचं नक्षत्र!"

ते निवृत्त झाल्यावर बायकोने सगळे तारे लाल मखमलीवर टाचून, काचेच्या चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावले. दर रविवारी ती काच उघडायची आणि एकेक तारा काढून, घासूनपुसून लख्ख करायची. नक्षत्रराव तेवढा वेळ घरात थांबत नसत. कोणी पाहुणा चौकटीकडे बघून "वा!" म्हणाला की ते उठून आपल्या चपला शोधायला लागायचे. लोक म्हणायचे, माणूस किती विनयी! विनय कसला डोंबलाचा. पण लोकांना काय, वरवर दिसेल ते खरं.

मुलगी बापाच्या वळणावर गेली होती, म्हणजे हट्टी. तिने दोन मैत्रिणींना हाताशी धरून संगणकावर आगगाडी चालवायचा खेळ बनवायला घेतला. मार्ग निवडला तोही बापाचाच, जुना, एकेरी रुळाचा. म्हातारा आधी कुरकुरला, मग असा काही रमला की जेवायला बोलावून बोलावून बायकोचा घसा सुकायचा. डब्यांचं वजन किती, उतारावर ब्रेक लागायला किती वेळ लागतो, सत्तरच्या वेगाने गाडी किती मीटरमध्ये थांबते, हे सगळे आकडे त्यांनी जुन्या पुस्तकांतून काढून स्वतः तपासले. एक आकडा चुकीचा होता तर त्यासाठी पोरींना तीन दिवस हैराण केलं. "खोटी गाडी असली म्हणून खोटं चालायचं नाही," म्हणाले.

एक गोष्ट मात्र मुलीच्या लक्षात आली होती. बाबा खेळ तपासायला बसले की गाडी झोकात निघायची, दोन स्टेशनं घ्यायची आणि मोठ्या वळणानंतर पाण्याची टाकी दिसायला लागली की बाबा उठायचे. कधी चहा हवा असायचा, कधी पाठ दुखायची. टाकीच्या पुढचा रस्ता त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

"बाबा, पुढचं कोण तपासणार?"

"तू केलंयस ना, मग बरोबरच असेल," ते म्हणायचे. एका आकड्यासाठी तीन दिवस छळणारा माणूस हे म्हणतो, याचं तिला नवल वाटायचं.

खेळ बाहेर यायला आठवडा उरला तेव्हा ठिणगी पडली. मुलीने खेळात पदकं घातली आणि सगळ्यात मोठं पदक बापाच्या मानाचं ठेवलं. हजार किलोमीटर इमर्जन्सी ब्रेक न ओढता चालवले की पितळी तारा. चित्रसुद्धा भिंतीवरच्या चौकटीतलंच काढलं होतं. तिला वाटलं, बाबांचे डोळे भरून येतील.

"काढून टाक ते," नक्षत्रराव म्हणाले.

"अहो बाबा, पदकं नसतील तर लोक खेळतील कशाला? वीस मिनिटं सरळ रुळावर बसून काय मिळणार त्यांना?"

"गाडी पोचते. ते पुरत नाही?"

"कोणालाच पुरत नाही हो बाबा. तुम्हाला तरी पुरलं का? भिंतीवर बघा."

त्यांनी भिंतीवर बघितलं नाही. "भोंगा वाजवल्याचं दे, फलाटाला नीट लावल्याचं दे. हे नको."

"पण का?"

म्हातारा उठून चपला शोधायला लागला. मुलगी चिडली, बोलायची थांबली, आणि तारा खेळात राहिला. पन्नास माणसं तो खेळ आधीच घरी चालवून बघत होती. शनिवारपर्यंत त्यातल्या एकोणीस जणांना तारा मिळाला.

रविवारी सकाळी बायको फडकं घेऊन चौकटीपाशी उभी होती. मुलगी संगणकासमोर लोकांचे निरोप वाचत होती. वाचता वाचता तिला हसू फुटलं.

"बाबा, हे ऐका. एक जण लिहितोय, वळणानंतर रुळावर गाय आली, हात ब्रेकवर गेला होता, पण नऊशे किलोमीटर झाले होते, म्हणून नाही ओढला. गाय गेली, तारा वाचला." ती पुन्हा हसली. "गाय नुसती चित्रातली हो, गाडी आरपार जाते."

नक्षत्रराव चपला घालून दारापर्यंत पोचले होते. ते परत आले. त्यांचा चेहरा बघून मुलीचं हसू आटलं.

"ऊठ. मला बसू दे."

त्यांनी गाडी आधीच्या स्टेशनावरून काढली. सत्तरचा वेग धरला. मोठं वळण आलं, सरलं, उजव्या हाताला पाण्याची टाकी दिसली. मुलीला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. टाकी खिडकीशी आली आणि त्यांनी इमर्जन्सी ब्रेक ओढला.

डबे करकरले. गाडी सिग्नलचा खांब ओलांडून हळू होत गेली आणि थांबली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: तारा गमावला.

"अहो बाबा, काय केलंत! माझे नऊशे ऐंशी झाले होते!"

"पुढे मोरी आहे, रुळाखालची. तिथपर्यंत किती राहिलं ते मोज."

तिने मोजलं. "त्रेचाळीस मीटर."

"नीट मोज."

"त्रेचाळीसच आहे. बाबा, काय झालं?"

"मोरीवर माणूस होता," नक्षत्रराव म्हणाले. "गँगमन. माझ्याकडे पाठ करून बोल्ट आवळत होता. एका कानाने कमी ऐकू यायचं त्याला."

बाबांच्या गाडीखाली कधीतरी कोणी आलं होतं, एवढंच मुलीला माहीत होतं. ती तेव्हा पाच वर्षांची होती, आणि घरात तो विषय निघत नसे. चौकशी झाली होती. ड्रायव्हरला माणूस दिसला सिग्नलच्या खांबापाशी, तिथून कोणताही ब्रेक ओढला तरी गाडी थांबली नसती, सबब ड्रायव्हरचा दोष नाही, असं अहवालात लिहिलं होतं.

"खांबापाशी दिसला असं मी सांगितलं," नक्षत्रराव म्हणाले. "दिसला टाकीपाशी. भोंगा वाजवला. म्हटलं, सरकेल. साधा ब्रेक लावला. मोठ्या ब्रेकवर हात होता गं माझा. वर्ष संपायला नऊ दिवस राहिले होते." ते पडद्याकडे बघत होते. मोरी रिकामी होती, कठड्यावर ऊन पडलं होतं. "मनाला सांगत आलो, टाकीपासून ओढला असता तरी वाचला नसता. वीस-बावीस वर्षं सांगितलं. आकडे माझ्याकडेच होते, पण गणित कधी केलं नाही."

 मग मुलीने विचारलं, "आणि त्या वर्षीचा तारा?"

"दिला की. ब्रेक कुठे ओढला होता मी?"

"कितवा?"

"अकरावा."

बायको चौकटीसमोर तशीच उभी होती. काच उघडी होती. पहिली ओळ तिची पुसून झाली होती, दुसरीला नुकती सुरुवात केली होती, आणि अकरावा तारा फडक्यात तिच्या हातातच होता.