बुढ्याच्या फोनात उरलेला तलाव

माह्या नवऱ्यानं शेवटचे चार महिने माह्याकडे पाह्यलं नाई.
फोनकडे पाह्यलं.

आज त्याले जाऊन वर्ष झालं. मी बोलून राह्यली, नात अश्विनी लिहून राह्यली. मले अक्षर येत नाई. ती मधात आपल्या मनचं घालत असंल तं मले समजाचं नाई, तुम्हीच पाहून घ्या.

आमचा बुढा जन्मभर गावच्या, मालगुजाराच्या काळच्या मामा तलावात जाळं फेकून मासोया धरणारा माणूस. कमरेचं हाड मोडलं आन् खाटेवर पडला. तलाव घरापासून हाकेवर, पण त्याले जाता येईना.
रोज एकच धोशा. "मले तलाव दाखवा."

अश्विनी ऊर्जानगरात राहते, कंप्युटरचं काम करते. ती म्हणे, "आबाजी, असा फोटो काढते का बोट फिरवलं तं तलाव चहूकडून फिरंल. जवळ ओढलं तं पाण्यावरचा बुडबुडा दिसंल."
बुढा म्हणे, "पाळीवरून, काठावरून नको काढू. माह्या जागेवरून काढ."

त्याची जागा म्हणजे कमरेइतक्या पाण्यात. तिथीच उभा राहून तो जाळं फेके.

पोरगी उतरली पाण्यात. बांबू रोवला, वर कॅमेरा बांधला आन् फिरवून फिरवून फोटो काढत राह्यली.
मी पाळीवरून बोंबलली, "बाहेर निघ वं! जोका लागतील, रगत पितील!"

सारे जोडून तिनं एक मोठ्ठा फोटो केला. तिच्या फोनवर झ्याक चाले. बुढ्याच्या जुन्या फोनवर उघडला का स्क्रीन काळी, फोन बंद.
नवा घेऊन देते म्हटलं तं बुढा ऐकेना. "माहा हात याच्यावर बसला."

मंग तिनं फोटो लहान करून टाकला. फोन चालला. बुढ्यानं जवळ ओढून पाह्यलं तं सारं गढूळ.
"हे कोणाच्या गावचं डबकं आणलं?"

पोरगी रडकुंडीले आली. "आबाजी, तुमच्या फोनची मेमरी एवढीशी. एवढा मोठा तलाव मावत नाई त्यात."
बुढा हासला. "माहं जाळं केवढं असे? सारा तलाव मावे का त्यात? जिथी नजर, तिथीच फेकाचं. बाकीचं पाणी राहू द्याचं तलावात."

पोरगी कंप्युटर उघडून दोन रविवार मान खाली घालून बसली.

तिनं त्या फोटोचे तुकडे केले, फरशीसारखे. बुढा जिकडे बोट फिरवे, तिकडचेच तुकडे फोन उचले. मागचे सोडून द्याचे. फिरवलं का आधी धुकट दिसे, मंग हळूहळू साफ. माही मोतीबिंदूची पट्टी काढली होती ना, तसं.

मी इचारलं, "सोडलेले तुकडे कुठी जातात?"
"नेटवर असतात, आजी. पुन्हा फिरवलं का पुन्हा येतात. आबाजी जो तुकडा सगळ्यात जास्त पाहतील, तेवढा एक फोन स्वतःजवळ ठेवंल. तेवढीच जागा आहे त्यात."

मंग काय. बुढा आन् त्याचा तलाव.

मीच त्याले कुशीवर वळवाचं, पेज चाराची, पाठीले पावडर लावाची. आन् याचे डोळे त्या काचेत.
"मासोया मोजता का?"
"हाव."
"किती झाल्या?"
"तू बोलली न्, गिनती चुकली."

मी त्या तलावाले सवत म्हणत होती.
"सवतीले सांगा, येऊन चादर बदल म्हणा."
हासे. हासतानाही दम लागे, पण हासे.

गेला तवा फोन उशाखालीच होता. मी तो उचलून कपाटात कोंबला. राग होता.
वर्षभर राग धरणं बी मेहनतीचं काम आहे, बाप्पा. थकली मी.

आज अश्विनी वर्षश्राद्धाले आली. तिनं फोन काढला, चार्ज केला. रिचार्ज कवाच संपलं, नेट नाई. तिनं फोटो उघडला.

सारा तलाव राखेसारखा.
झाडं नाई. पाणी नाई. जिथी मासोया उलटतात तो कोपरा बी नाई.
ती बोट फिरवत गेली, फिरवत गेली.

एक तुकडा साफ होता.

पाळीवर एक बुढी. तोंड उघडं, हात वर, पदर कुठी आहे पत्ता नाई.
जोका लागतील म्हून बोंबलणारी मी.

अश्विनी हळूच म्हणे, "आजी, आबाजी हाच पाहत होते."

त्याच्या जागेवरून पाह्यलं तं मीच दिसत होती. लगन झालं तवापासून टोपली घेऊन त्याच पाळीवर उभी. उशीर झाला का अशीच बोंबलत होती. तो कधी मान वर करत नाई, असंच मले वाटे.

आन् चेहरा बी अर्धाच. दुसरा गाल बाजूच्या तुकड्यात होता, तो गेला.
मी म्हटलं, "पाहा. अर्धंच तोंड ठेवलं. पूर्ण तोंडाची बडबड सोसवली नाई वाटते."
पोरगी हासता हासता रडाले लागली.

मंग म्हणे, "थांब, रिचार्ज मारते. सारा तलाव परत येईल."
मी तिचा हात धरला. "नको मारू. दुसरे तुकडे आले तं फोन याले सोडून देईल."
"मंग तलाव?"
"तलाव हाकेवर आहे. माहे पाय चालतात अजून. जाऊन पाहीन."

तर हे असं आहे, लोकहो. सवत नव्हती. राग सोडला.

बुढोबा, सुखानं राहा. तिथी पाणी असंल तं कमरेच्या वर जाऊ नका.
मले यायले उशीर होईल. आली का पाळीवरून बोंबलीन.
तवा वर पाहजा.