वर्गात मोबाईल समोर ठेवून बसते, त्याची गोष्ट

गेल्या महिन्यात हिंगोलीला, कॉलेजात, केमिस्ट्रीच्या तासाला सरांनी माझा मोबाईल काढून घेतला. काहीतरी बोलले पण... पण काय ते मला कळलं नाही. तास संपल्यावर माझी रूममेट प्रज्ञा हिनं खुणेनं सांगितलं, स्टाफरूममध्ये बोलावलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दहावीत असताना मोठा ताप आला आणि माझे कान गेले. अगदी पूर्ण नाही, पण गेल्यातच जमा. कानाला मशीन आहे, पण ते सरांच्या आवाजासोबत पंख्याचा आवाजही तेवढाच मोठा करतं. सर फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की माझा तास तिथंच संपतो.

आम्ही साखऱ्याजवळच्या तांड्यावरचे. बारावीपर्यंत पुस्तकं पाठ करून निभावलं, बी.एस्सी.ला ते चालेना. पहिल्या वर्षी सेमिनारच्या वेळी हेच सर म्हणाले, "तुझं राहू दे, तू लिहून दे." मनात दयाच होती त्यांच्या... पण मला ते फार लागलं.

प्रज्ञा शिरड शहापूरची. तिला नवीन ॲप शोधायचा नाद. नोट्स स्कॅन करायचं एक, इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगणारं एक, अभ्यासाला बसल्यावर बाकी सगळं बंद करून टाकणारं एक... एका रविवारी तिनं माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकलं आणि तो तोंडासमोर धरून काहीतरी बोलली. स्क्रीनवर मराठीत उमटलं, "चहा पिती का".

मी बघतच राहिले. मग दिवसभर तिला बोलायला लावलं. शेवटी तिचा घसा बसला.

त्या ॲपवर वाचत होते म्हणूनच सरांनी मोबाईल घेतला होता. त्यांना वाटलं, चॅटिंग चाललंय. प्रज्ञा म्हणाली, मी येते सोबत. मी नको म्हटलं. हे माझं मलाच सांगायचं होतं.

स्टाफरूममध्ये सरांनी मोबाईल परत दिला आणि रागावू लागले. मी ॲप चालू केलं, मोबाईल त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, "सर, आता बोला."

सर आखाडा बाळापूरचे. रागात घरचीच बोली येते तोंडात. "काहून? काय करून राहिली तू?"

स्क्रीनवर आलं, "का ऊन काय करून राहिली तू". काहून म्हणजे का, हे त्या ॲपला कुठलं माहीत!

सरांनी वाचलं. चष्मा वर करून परत वाचलं. मी म्हटलं, "सर, वर्गात मी हेच वाचत असते. तुम्ही फळ्याकडे वळलात की ओळी तुटतात."

ते मोबाईलकडे वाकले. मग अगदी सावकाश, बातम्या वाचाव्या तसं बोलले, "हे तू आधी का सांगितलं नाहीस?" हे मात्र बरोबर उमटलं.

"तुम्ही परत म्हणाला असता, राहू दे... सर, या वर्षी सेमिनार मी देणार."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि पंखे बंद केले. थोड्या वेळानं माझ्या स्क्रीनवर एक ओळ आली, "सर गर्मी होऊन राहिली". वळून बघितलं तर मागच्या बाकावरचा विष्णू होता. मागचे काय बोलतात हे मला पहिल्यांदाच कळत होतं!

मी उठून म्हटलं, पंखे चालू करा सर, तुम्ही फक्त आमच्याकडे तोंड करून बोला. तेव्हापासून सर आधी फळ्यावर लिहितात, मग वळून सांगतात. ॲपच्या चुका अजून होतात, पण पुस्तक जवळ असलं की अर्थ लावून घेता येतो.

सेमिनारला मी विषय घेतला, बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही. बोलायची भीती नव्हती. भीती होती प्रश्नांची. आदल्या आठवड्यात होस्टेलवर प्रज्ञानं मला उलटसुलट प्रश्न विचारून विचारून हैराण केलं.

माझं बोलून झालं आणि हात वर झाला विष्णूचा. त्यानं विचारलं ते स्क्रीनवर सगळं गिचमिड आलं. मी सरांकडे बघितलं. सर बोलायला पुढं झाले... मी हातानं थांबवलं आणि विष्णूला म्हटलं, "परत विचार."

तो उठून थेट पुढं आला. मोबाईलसमोर उभा राहून एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आमच्या बोअरचं पाणी उकळलं तरी फेस येत नाही. ते कशामुळे?"

असा प्रश्न प्रज्ञानंसुद्धा विचारला नव्हता. पण उत्तर मला येत होतं. बायकार्बोनेट असेल तर उकळून निघतं, सल्फेट आणि क्लोराइड मात्र उकळून जात नाहीत, त्याला सोडा लागतो. फळ्यावर समीकरण लिहून दाखवलं. विष्णूनं मान हलवली आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला... मग तिसरा कुणीतरी मागून. राहू दे, असं कुणीच म्हणालं नाही.

ज्यांना ऐकायला तकलीफ आहे, त्यांनी असलं एखादं ॲप जरूर वापरून बघा. नेट लागतं, गोंगाटात गडबडतं, दोघं एकदम बोलले की सगळी खिचडी होते. आमची गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, तर त्याला येतच नाही. घरी याडीचं, म्हणजे आईचं बोलणं मी ओठांवरूनच वाचते.

प्रज्ञा, तुझे आभार मानले तर तू चिडशील, तरी मानते. सर, तुमचेही. पुढं एम.एस्सी. करायचं ठरवलंय. तिथं नवा वर्ग असेल, नवे सर असतील, परत पहिल्यापासून सांगावं लागेल. सांगेन. इकडे बघून बोला आणि काय विचारायचं ते विचारा... उत्तर मी देईन.