नकाशातल्या गावचे मुकादम

मुकादमांनी डोक्यावरची टोपी काढून शेजारच्या माणसाच्या हातात दिली, की समजायचं, आता कुणीतरी मार खाणार. "जरा धरा," एवढंच म्हणायचे. टोपी कुणाच्या हातात जाते याला महत्त्व नव्हतं. एकदा तर पाहणीला आलेल्या इंजिनियरसाहेबांच्याच हातात दिली होती. साहेबही निमूटपणे ती धरून उभे राहिले.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. बोलायच्या आधी ज्याचा हात चालतो, आणि हात चालून झाला की ज्याला आपण काय बोलणार होतो ते आठवत नाही. मुकादमांना विचारलं तर म्हणत, "भिया, तोंडाने सांगायला वेळ लागतो."

मी देवासचा आणि ते धारचे. संस्थानं विलीन व्हायच्या आधी आम्ही दोघंही धार दरबारच्या बांधकाम खात्यात होतो. मी नवा ओव्हरसियर आणि ते मजुरांचे मुकादम. त्यांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून आले, असं ते सांगत. फौज गेली, पण अंगातली लढाई काही गेली नव्हती.

धामनोदजवळ रस्त्याचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. एका ट्रकवाल्याने आडवा लावलेला बांबू उडवला आणि ताज्या खडीवरून गाडी घातली. खडी पसरणारी एक बाई चाकाखाली येता येता वाचली. पुढे नाक्याचं फाटक बंद होतं म्हणून ट्रक थांबला. मुकादम तिथवर पळत गेले आणि त्या ड्रायव्हरला त्यांनी दाराने नाही, खिडकीतून बाहेर ओढला. त्याच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच पडले. माणसांनी ओढून बाजूला केलं तेव्हा मुकादम धापा टाकत म्हणाले, "त्या बाईला पाणी द्या कोणी. घाबरली असेल." बाई घाबरली होती खरी, पण ट्रकला नव्हे.

अख्ख्या जगात ते एकाच माणसाला भीत. त्यांच्या बायकोला. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. बारीक चणीची बाई. लग्नाच्या पहिल्या वर्षी मुकादमांनी तिच्यावर हात उगारला होता, तेव्हा तिने तापलेला उलथना त्यांच्या भुवईवर हाणला. त्याचा व्रण ते मोठ्या अभिमानाने दाखवत. "ही एकच लढाई हरलो मी," म्हणत.

विलीनीकरण झालं. खातं मोडलं, बरीच माणसं कमी झाली, त्यांत आम्ही दोघंही होतो. तेव्हा कळलं की कच्छच्या किनाऱ्यावर, कांडल्याला नवं बंदर होतंय, आणि सिंधमधून आलेल्या लोकांसाठी त्याच्याजवळ एक अख्खं शहर वसवायचं चाललंय. एका ठेकेदाराला माणसं हवी होती. मुकादमांनी धार, देवास, सोनकच्छ, टोंकखुर्द इथून मजुरांची टोळी जमवली आणि रतलामला गाडीत बसवली. वहिनीही बरोबर निघाल्या, आणि ओव्हरसियर म्हणून मीही गेलो.

शहर म्हणून जे आम्हाला दाखवलं, ते काटेरी झुडपांनी भरलेलं खारट माळरान होतं. कचेरीच्या भिंतीवर मात्र सुंदर नकाशा लावलेला. गोल चौक, सरळ रस्ते, बाग, बाजार, शाळा. आमचे मजूर त्या जागेला नकाशाच म्हणू लागले. सकाळी निघताना म्हणत, "चला, नकाशात जाऊन राहिलो." आम्ही दिवसभर खुंट्या ठोकायचो आणि चुन्याच्या फक्कीने घरांच्या रेषा आखायचो. संध्याकाळी खाडीवरचा वारा सुटायचा आणि आखलेली गल्लीच्या गल्ली उडून जायची. झुडपं तोडताना साप निघत. मुकादम सापाला मारत नसत, पळवून लावत. म्हणत, "त्याने काय केलंय?"

सिंधी कुटुंबं शेजारीच तंबूंत राहत होती. त्यांत एक लीलाराम होता. तिकडे त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. सगळं मागे टाकून येताना त्याने घड्याळजीच्या हत्यारांची छोटी पेटी तेवढी आणली होती. त्याच्याबरोबर त्याची म्हातारी आई होती. तिला सगळे अमां म्हणत. धाकटा मुलगा दंगलीत, स्टेशनवर तिच्या डोळ्यांदेखत कापला गेला होता. तेव्हापासून ती फारसं बोलत नसे.

ही अमां रोज संध्याकाळी आपल्या प्लॉटवर येऊन बसायची. बरोबर स्वयंपाकघराच्या चौकोनात. मुकादम लांबून ओरडायचे, "अम्मा, लाइन मिट रही है! उठो!" अमां हलायची नाही. मग मुकादम पुटपुटत जायचे आणि तिच्या पायांनी पुसलेली रेषा पुन्हा फक्कीने आखायचे. म्हातारी पाहत राहायची. माझ्यासमोर तरी त्यांनी एवढा समजूतदारपणा दुसऱ्या कुणाशी दाखवला नव्हता.

गोड्या पाण्याचा तिथे फार दुष्काळ. टँकर यायचा आणि त्यावर मजूर व तंबूवाले दोघांचंही भागायचं. एका मे महिन्यात टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आला तेव्हा दोन्हीकडची माणसं वेड्यासारखी धावली. आमच्या एका बाईची घागर फुटली. कुणीतरी कुणाला ढकललं. आमच्याकडून कुणी "रिफ्यूजी" म्हणून घाण शिवी दिली, तिकडून पहिला दगड आला. मग दगडांना आणि काठ्यांना सुमार राहिला नाही. मी एका माणसाचा कान लोंबताना पाहिला.

मुकादम कामावरून पळत आले. टोपी माझ्या हातात कोंबली. मी म्हणालो, "मुकादम, तुम्ही तरी थांबा."

"थांबवायलाच जाऊन राहिलो, साहेब. धरा."

आणि खरोखरच त्यांनी पहिल्यांदा आपल्याच माणसांना झोडपलं. कुदळीच्या दांड्याने दोघांतिघांना मागे हटवलं. तेवढ्यात एक धोंडा पाण्याला आलेल्या वहिनींच्या कपाळावर बसला. त्या खाली बसल्या आणि त्यांचं तोंड रक्ताने भरलं. मुकादमांनी ते पाहिलं. ते वळले आणि समोर जो माणूस होता त्याच्या डोक्यात त्यांनी दांडा घातला.

तो लीलाराम होता. तो कुणाशी भांडत नव्हता. पाणी सांडू नये म्हणून डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून तो गर्दीतून बाहेर पडत होता. हात वर असल्यामुळे त्याला डोकं झाकताही आलं नाही. तो कोसळला, डबा उलटला आणि पाणी त्या खारट मातीत जिरलं. सगळं एकदम शांत झालं. गर्दीने आधी पाण्याकडे पाहिलं, मग माणसाकडे.

मुकादमांनी त्याला खांद्यावर घेतलं, टँकरच्या ड्रायव्हरला गचांडी धरून गाडीत बसवलं आणि जवळच्या जुन्या गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या व्हरांड्यात ते बसून राहिले. घरी डोकं बांधून वहिनी निजल्या होत्या, त्यांना पाहायलाही आले नाहीत. वहिनींनीच निरोप पाठवला, "मी जिवंत आहे म्हणावं. त्याच्यापाशीच थांबा."

लीलाराम वाचला. पण एका कानाने ऐकू येईना आणि उजवा हात कायमचा थरथरू लागला. घड्याळजीचा उजवा हात. पोलीस आले तेव्हा मुकादम स्वतःच पुढे झाले, पण लीलाराम खाटेवरूनच म्हणाला, "भीड़ थी, साहब. किसका हाथ था, मैंने नहीं देखा."

पोलीस गेल्यावर मुकादमांनी त्याला विचारलं, "झूठ क्यों बोला?"

"तुम जेल जाओगे तो मेरा हाथ ठहर जाएगा?" लीलाराम म्हणाला. "और मेरा मकान कौन बनाएगा?"

मुकादमांना हे झेपेना. मारलं की उलटून मार खायचा, नाहीतर शिक्षा भोगायची, एवढाच हिशेब त्यांना ठाऊक. ते रोज काम सुटल्यावर लीलारामच्या तंबूसमोर जाऊन बसू लागले. "मारो," म्हणत. लीलाराम म्हणे, "जाओ भाई, घर जाओ." एकदा मी समजावायला गेलो तर माझ्यावरच खेकसले, "साहेब, त्याने एक ठोसा मारला असता तर मी झोपलो असतो हो!" त्यांचे डोळे आत गेले होते. जेवण सुटलं होतं.

एका संध्याकाळी ते असेच बसले होते. अमां चुलीपाशी होती. ती उठली, सरपणातलं एक लाकूड तिने उचललं आणि मुकादमांच्या पाठीत घातलं. मग पुन्हा. मग मानेवर, खांद्यावर, जिथे बसेल तिथे. लीलाराम धावला, पण मुकादमांना न्यायला आलेल्या वहिनींनी त्याचा हात धरला. डोक्याची पट्टी अजून सुटली नव्हती त्यांची. म्हणाल्या, "होऊ दे तिचं."

एवढीशी म्हातारी, पण तिच्या हातात कुठून बळ आलं होतं कोण जाणे. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला. मुकादम हलले नाहीत. डोकं खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. अमां मारता मारता धाकट्याचं नाव घेऊ लागली. मग लाकूड तिच्या हातून पडलं आणि ती किंचाळून रडली. अख्खे तंबू बाहेर आले. लीलाराम मला म्हणाला, "सिंध से निकले, तब से रोई नहीं थी."

मुकादम उठले, एक हात दुसऱ्या हाताने सावरत वहिनींबरोबर चालू लागले. त्या दिवशी पोटभर जेवून ते गाढ झोपले, असं वहिनींनी सांगितलं.

यानंतर मुकादम सुधारले, असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. उजवा हात झोळीत होता तोवर ते डाव्या हाताने मारत. दारू पिऊन परांचीवर चढलेल्या एकाला त्यांनी त्याच आठवड्यात खाली खेचून बदडला. पण लीलारामच्या घराचं काम त्यांनी कुणावर सोपवलं नाही. भिंत चढत असताना अमां समोर बसून त्यांना सिंधीतून शिव्या देत राहायची. मुकादम विटा ठेवता ठेवता मला म्हणायचे, "काय बोलून राहिली समजत नाही. पण खरंच असेल."

पुढे मला देवासला सरकारी नोकरी मिळाली आणि मी परतलो. टोळीतली बरीच माणसंही घरी आली. मुकादम आणि वहिनी मात्र तिकडेच राहिले. येणारेजाणारे सांगत, नकाशात आता दिवे लागले, बाजार भरतो, बागेत झाडं सावली देऊ लागली. लीलारामने बाजारात दुकान टाकलं. हाताखाली कारागीर ठेवलाय, आणि आपण गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो.

काही वर्षांनी कामानिमित्त धारला गेलो तेव्हा कळलं, वहिनी परत आल्यात, एकट्याच. मी त्यांच्या भावाच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच सांगायला सुरुवात केली.

नव्या वस्तीत गटारासाठी खोल चर खणत होते. एका बाजूची माती ढासळली. माणसं भराभर वर आली, पण टोंकखुर्दचा एक पोरगेला मजूर खालीच राहिला. गाडला गेला नव्हता, नुसता भीतीने थिजला होता. वरून किती हाका मारल्या, तो शिडीला हात लावीना. मुकादम खाली उतरले. त्यांनी त्याच्या दोन थोबाडीत अशा मारल्या, की तो किंचाळत शिडी चढून वर आला. त्याच्या मागून मुकादम चढणार, तोच दुसरी बाजू त्यांच्यावर ढासळली.

"बाहेर काढलं तेव्हा तोंडात, नाकात सगळी माती," वहिनी म्हणाल्या. "लीलारामच्या दारात आणून ठेवलं. अमांनी पदराने माती काढली. बोट घालून काढली. आणि मग भांडायला लागली हो त्यांच्याशी. मोठमोठ्याने. छातीवर बुक्क्या मारून राहिली. मला वाटलं, अजूनही शिव्याच देते का ही? मी लीलारामला विचारलं, काय म्हणते ती? तो रडत होता. त्याला सांगता येईना."

चहा उतू गेला. वहिनींनी पातेलं खाली घेतलं.

"मग त्याने सांगितलं. म्हणाला, ती म्हणते, ऊठ, अजून माझा राग संपला नाही."

वहिनींनी चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला.

"मग मी पण तिच्या बाजूला बसले, भाऊ," त्या म्हणाल्या, "आणि तेच म्हणायला लागले. आपल्या मराठीत."